गॉगल लावलेला हिरो

“गॉगल कुठंय तुझा?”

“खिशात हाय, साहेब.”

“खिशाला डोळे आहेत का तुझ्या?”

कमलाकर हसला. सगळं हसण्यावारी न्यायचा. जवळच्याच पाम गावचा हा गडी आमच्या तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर होता. रिअ‍ॅक्टर म्हणजे झाकण लावलेलं भलंमोठं पातेलं. त्यात पाइपातून अ‍ॅसिड सोडायचं. एक शिंतोडा उडाला की डोळा गेलाच समजा. मी सेफ्टी ऑफिसर, त्यामुळे झोप माझी उडायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बोईसरला गल्लोगल्ली व्हिडिओ सेंटरं निघाली होती. पिक्चरमधला हिरो स्फोटातून उघड्या डोळ्यांनी बाहेर यायचा आणि कपाळावरची झुलपं जशीच्या तशी. आमच्या पोरांचीही तशीच झुलपं. गॉगलच्या पट्ट्याने ती चपटी होतात, म्हणून गॉगल खिशात. मी पोस्टरं लावली, मेमो दिले, बोलून बोलून घसा बसला. उपयोग शून्य.

शेवटी माझं डोकं सटकलं. व्हिडिओने बिघडवलंय ना यांना? मग व्हिडिओच आणतो. मॅनेजरची परवानगी काढली आणि पालघरचा एक लग्नाचं शूटिंग करणारा गाठला.

“ज्याच्या डोळ्यांवर गॉगल, तोच कॅमेऱ्यात येणार,” मी सांगून टाकलं.

काय सांगू, सगळा प्लँट गॉगल लावून हजर. कमलाकरने आधी पट्टा बसवला, मग त्याच्यावरून झुलपं हळूच बाहेर काढली.

कॅसेट आली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये टीव्ही लावला आणि मी कपाळावर हात मारला. त्या पठ्ठ्याने सवयीप्रमाणे लग्नाचीच कॅसेट केली होती. मागे सनई, रिअ‍ॅक्टरवर गुलाबाच्या पाकळ्या आणि लाल बदामात कमलाकरचा गॉगलवाला चेहरा.

“पाटील, ये सेफ्टी का पिक्चर है या शादी का?” मॅनेजर कानात पुटपुटले.

पण कँटीन शिट्ट्यांनी दणाणत होतं. तीच कॅसेट पुन्हा लावावी लागली. कमलाकर मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हता. नंतर माझ्याजवळ आला.

“साहेब, कॅसेट घरी नेऊ? आयला दाखवायची हाय.”

अर्ध्या पामने ती पाहिली. त्यानंतर गडी घरून गॉगल लावूनच निघायला लागला. मी इतका खूश होतो की कँटीनमध्ये नाचायचाच बाकी होतो.

थोड्याच दिवसांत पाइपाचा जोड फुटला. अ‍ॅसिड सरळ कमलाकरच्या तोंडावर. मी धावत पोचलो तेव्हा त्याला शॉवरखाली धरलं होतं. गालावर चट्टे उठले होते. धुऊन झाल्यावर गॉगल काढला.

“दिसतंय का रे?” मी खाली वाकून विचारलं.

त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा.

“दिसतं हाय, साहेब. आज तो कॅमेरावाला नाय आला काय?”

नोकरीभर मी माणसांना मरणाची भीती घातली. चांगलं दिसायची हौस त्याहून दांडगी असते, हे कुठल्याच सेफ्टी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.