निवट्या धरणारीचं पहिलं ताट

आमच्या घरी निवट्यांचं कालवण असलं की पहिलं ताट निवट्या धरणारीचं. पुरुषांच्याही आधी. ही रीत सासूबाईंनी घातली, कारण तेव्हा खाडीत उतरणाऱ्या त्याच होत्या. गुडघे गेल्यावर त्यांनी आपली जागा आणि हाताची युक्ती धाकट्या जावेला दिली. थोरली मी, पण मी आतल्या भातशेतीच्या गावची, त्यामुळे मला कुणी विचारलंच नाही. तिने धरायच्या, मी रांधायच्या, असं ठरून गेलं.

निवटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. वीतभर मासा, रंग चिखलाचा, डोळे टाळूवर चिकटवल्यासारखे. ओहोटीला पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर सरपटतो, मध्येच उडी मारतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा कुणी खात असेल असं मला वाटलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मीच त्याला राख चोळून बुळबुळ काढत होते, चिंच-लसणात शिजवत होते, आणि पहिलं ताट जावेसमोर जात होतं. जेवताना सगळे म्हणायचे, आज मोठ्या गावल्या. कालवणाबद्दल अवाक्षर नाही. मला ते डाचायचं. अजून डाचतं.

शेवटी मी बांधावर उभी राहून जावेचं काम नीट पाहून घेतलं. निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एकात टाच दाबायची, मग दुसऱ्यात हात घालायचा. जाऊ एकदा सकाळी रेवदंड्याच्या बाजाराला गेली तशी मी टोपली घेऊन खाडीत उतरले. सुरुवातीला मी आधी हात घालत होते, निवटी मागच्या तोंडाने पसार. मग टाच आधी लावली आणि जमलं. आमटीपुरत्या नव्हे, घरभर पुरतील एवढ्या धरल्या.

कमरेपर्यंत चिखल घेऊन मी मागच्या दारी आले, तर जाऊ बाजारातून परतलेली. तिने टोपलीवरचं झाकण उचलून पाहिलं.

"वहिनी, मला सांगितलं असतं तर सोबत आले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हटलं.

ती हसली आणि टोपली आत घेऊन गेली. खाडीचा चिखल एका बादलीने निघत नाही. मी न्हाणीत घासत बसले, तिकडे पुरुष जेवायला आलेले. कालवण जाऊच करायला बसली. मी आतूनच तिला ओरडून सांगितलं, मसाला माझ्या बरणीतला घे, चिंच भिजवून ठेवलीय तीच घाल. तिने तेच केलं.

मी ओल्या केसांनी पाटावर बसले. सासूबाईंनी पहिलं ताट उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. "जिनं धरल्या तिला पयलं," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ताट समोर होतं. मी पहिला घास घेतला. मग बाकीच्यांना वाढलं गेलं, आणि माझ्या नवऱ्याने रस्सा भुरकून मान वर केली.

"आज कालवणाला चव हाय," तो म्हणाला. "कोणी केलं?"

दिराने पुन्हा वाटी पुढे केली. सासूबाईंनीही जावेकडे पाहून मान डोलावली. निवट्यांच्या आकाराबद्दल त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही.

मसाला माझा, चिंच माझी, मासे माझे. मी ताट चाटूनपुसून संपवलं. आता निवट्या धरून आणल्या की मी चिखलाच्या पायांनीच चुलीपाशी बसते. लादी नंतर पुसता येते.