फोकासला कुणी काय चारलं

मुसांझेच्या बाजारात बटाट्याची पोती ट्रकवर चढवणाऱ्या हमालांत फोकास सगळ्यांत धिप्पाड. त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. म्हणूनच तो तान्ही लेक पाठीला बांधून पाणवठ्यावर आला, तेव्हा लोकांनी त्याला सोडलं आणि त्याच्या बायकोला धारेवर धरलं.

गावात पालकांचा वर्ग भरतो. पूर्वी तिथे बायकाच जायच्या. यंदा शिकवणाऱ्या गोदांसबाईंनी नवऱ्यांनाही बसवलं आणि विचारलं, "रडणारं पोर पाठीला कोण बांधतं?" पुरुष हसले. फोकास हसला नाही. घरी जाऊन तो दोनाताकडून, आपल्या बायकोकडून, फडक्याची गाठ मारायला शिकला.

नवरा घरकाम करू लागला की आमच्याकडे एकच अर्थ निघतो: बायकोने जेवणातून वशीकरणाची मुळी चारली.

"काय रे, अंडी कधीपासून घालणार?" हमाल विचारायचे.

"तुझी बायको उबवायला बसली की," फोकास म्हणायचा.

त्याच्या आईला, इमेल्डाला, हे हसण्यावारी नेता येईना. तिने भाऊबंदांची बैठक बोलावली. सुनेने माहेरी जावं, नात इथेच राहील, असं तिने सांगून टाकलं.

"मी बोचकं बांधणार नाही," दोनाता म्हणाली. "कुणाला बांधायचं असेल त्याने बांधावं."

"आई, तुझी खात्री कशाने पटेल?" फोकासने विचारलं.

"बटाटे निघेपर्यंत माझ्या हातचं खा. मुळी उतरेल, मग बोलू."

"खातो. पण तोवर हिला घराबाहेर काढायची भाषा नको."

तो रोज दोन्ही वेळा आईकडेच जेवू लागला. पाठीवर लेक असायचीच. जेवण झालं की आपली ताटली घासायचा, मग पातेलं, मग अंगण झाडायचा.

"अरे, ठेव तो झाडू! लोक बघतायत!"

"बघू दे."

बटाटे निघाले, तरी फोकासमध्ये काही फरक पडला नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "इमेल्डा, आता तर तो तुझ्या हातचं खातो. मुळी कुठून आणलीस गं? आमच्या म्हाताऱ्यालाही दे थोडी."

पुन्हा बैठक बसली. थोरले काका म्हणाले, "झालं गेलं विसरा. उगाच वाढवू नका."

"नाही काका," फोकास उभा राहिला. "आरोप चारचौघांत झाला, तो मागेही चारचौघांतच घ्यायचा."

"सुनेने काही चारलं नाही," इमेल्डा म्हणाली. "हा जन्मापासूनच बिघडलेला आहे."

लोक हसले. दोनाता हसली नाही.

"आणि लेक माझ्यापाशीच राहणार," ती म्हणाली. "तेही बोला, सासूबाई."

इमेल्डाला तेही बोलावं लागलं.