सर्व्हरवरून माझी किल्ली काढताना

हिंगोलीतल्या त्या हळद तपासणीच्या लॅबमध्ये सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, आणि तो कॅलेंडरखाली भिंतीवर लिहिलेला होता. चहावाल्यालासुद्धा पाठ! मग एक मोठा खरेदीदार अडून बसला. आमचे रिपोर्ट दुसऱ्या कुणाला दिसता कामा नयेत, फाइली पाठवायला सुरक्षित सर्व्हर लावा, नाहीतर राम राम. मी तिथं तात्पुरती ऑपरेटर, रोज सेनगावकडच्या तांड्यावरून जीपमध्ये कोंबून येणारी. लॅबच्या शेठनी मला बोलावलं. "एवढं सुरू कर पोरी, तुला कायम करतो." कायम! त्या एका शब्दासाठी मी स्वतःला जुंपून घेतलं.

कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं. की-बोर्डच्या फटींत हळदीची भुकटी, संध्याकाळी बोटं पिवळी. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यात आपापली खोली, म्हणजे वेगळं फोल्डर, करून दिली. फाइल ठेवा, न्या, पण बाहेर डोकवायचं नाही. पासवर्ड साफ बंद. ज्याची डिजिटल किल्ली सर्व्हरवर नोंदवलेली, तोच आत. शेठचा भाचा पुण्याहून कसलासा कोर्स करून आला होता. तो माझ्या खुर्चीमागं उभा राहून मोबाइल चाळायचा आणि म्हणायचा, "एवढ्याला एवढे दिवस?" अरे, मग बस की तूच!

खरेदीदाराचा माणूस फोनवर तपासणार, नेमका त्याच दिवशी सर्व्हर बाहेरच्या कुणालाच आत घेईना. शेठनी फोनवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर ओरडले, "काहून बंद पडलं? तांड्यावरची पोरगी मशीनवर बसवली, माझंच चुकलं!" कानशिलं तापली माझी. रडू येत होतं, त्याहून जास्त राग. मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. मी जेवायला उठले तेवढ्यात भाच्यानं माझ्या उघड्या स्क्रीनवरून, कुणाला तकलीफ नको म्हणून, सगळ्या खोल्या सगळ्यांना लिहायला खुल्या करून टाकल्या होत्या. खोली अशी मोकाट दिसली की हा सर्व्हर आत येणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो. ती मुख्य खात्याच्याच ताब्यात असावी लागते. मी परवानग्या पूर्ववत केल्या आणि पलीकडून फाइल येऊन पडली.

फोनवरचा माणूस खूश झाला. शेठ त्याला म्हणाले, "आमच्या भाच्यानं केलं सगळं." भाचा हसला. मेल्याला लाज नाही! मी आलेली फाइल तपासायला घेतली. मला कायम व्हायचं होतं.

पेढे आले. शेठ भाच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ह्याची किल्ली टाक त्यात." टाकली.

"चालून राहिली का?"

"व्हय."

"मग तुझी काढ."

"माझी? काहून?"

"दोघं काहून लागतात? उद्यापासून हाच बघंल. तू आता येऊ नको."

"शेठ, तुमी कायम करतो म्हणला होता."

"म्हणलं असंल. सर्व्हर झाला ना कायम! घे, पेढा घे."

सगळे खदखदून हसले. कालपर्यंत माझ्या डब्यातली भाकर खाणारेसुद्धा. भाच्यानं की-बोर्ड ओढला, पण किल्ल्यांच्या ओळींतली माझी कोणती ते त्याला कळेना. "ताई, तुमीच काढा ना," तो म्हणाला. आजवर कधी ताई म्हणाला नव्हता.

मी माझी ओळ खोडली. असा बदल केला की स्क्रीनवरची चालू खिडकी लगेच बंद करत नाहीत, आधी दुसरी उघडून आत जाता येतं का ते बघतात. हात सवयीनं चालले. दुसऱ्या खिडकीतून मी माझी किल्ली लावून पाहिली. परवानगी नाही, असं उत्तर आलं. किल्ली फक्त आत शिरताना तपासतात, त्यामुळं पहिली खिडकी मात्र अजून आत होती. तिच्यातून मी सगळं उलटंपालटं करू शकले असते आणि भाच्याला पत्ताही लागला नसता.

शेठ माझ्या खांद्यावरून वाकले. "बराबर झालं ना? तुला आता येता यायचं न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "चोख झालंय." आणि पहिली खिडकी बंद केली.