म्हणे मनमिळाऊ!

शालिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सीताबर्डीवर भाजी घेत होते. पिशवी तिथेच टेकवून रडले. पण नंतर ऑफिसातल्या शोकसभेत आमचे साहेब म्हणाले, "अत्यंत मनमिळाऊ. कधी वाद म्हणून घातला नाही," आणि माझं रडू जे आटलं ते आटलंच. महिना होत आला, मी अजून धुमसतेच आहे.

वाद घातला नाही? अहो, वाद घालणं हेच तर तिचं काम होतं! आम्ही दोघी इथे नागपुरातच इंजिनीअर झालो आणि संगणक बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. संगणकाचा सगळा कारभार ज्या मूळ प्रोग्रॅमवर चालतो, त्याला कर्नल म्हणतात. त्यात फ्लॅग असतात, बटणंच म्हणा; कोणती सोय चालू नि कोणती बंद, हे ती ठरवतात. कोणी नवा फ्लॅग घातला की शालिनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारायची, "हा चुकून चालू राह्यला तं काय बिघडते? सांगा." उत्तर आल्याशिवाय गाडं पुढे सरकत नसे. चहा थंड व्हायचा, लोक कपाळाला हात लावायचे...

एका नव्या मशीनच्या उद्घाटनाच्या गडबडीत साहेबांनी स्वतःच एक फ्लॅग घातला. मशीन वेगात चालावी म्हणून माहिती डिस्कवर लगेच लिहायचीच नाही, सवडीने लिहायची. पण प्रत्येक फ्लॅगचा अंक वेगळा लागतो, आणि त्यांनी याला दिलेला अंक आधीच प्रिंटरच्या फ्लॅगला दिलेला होता. म्हणजे प्रिंटर चालू केला, की लिहिणं लांबणीवर.

"सर, एका किल्लीनं दोन कुलपं उघडून राहिली," शालिनी म्हणाली. "अन् तेवढ्यात लाइट गेली तं?"

"लाइट कशाला जाईल?"

नागपुरात, भर मे महिन्यात! तिने मंजुरी दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल माहितीपुस्तिका छापणाऱ्या खोलीत हलवलं, आणि मशीन तशीच सावनेरच्या एका कार्यालयात गेली. तिथे छपाई चालू असताना लाइट गेली आणि डिस्कवर न उतरलेल्या दिवसभराच्या नोंदी बुडाल्या. मग शालिनीने सांगितलेली दुरुस्ती जशीच्या तशी झाली, साहेबांच्या नावाने. तिला मात्र परत बोलावलं नाही.

"राग नाही येत तुला?" मी विचारलं.

"येते ना. पन दुरुस्ती बरोबर झाली, पाह्यलं मी."

एवढंच. मला ते आजही गिळवत नाही.

परवा इतवारीत तिच्या आईंकडे गेले आणि साहेबांचं वाक्य सांगितलं. आई म्हणाल्या, "मनमिळाऊ? कोनाची गोष्ट करून राह्यले होते वं ते?" शालिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघी हसलो.

अंधारून आलं म्हणून मी दिवा लावायला उठले. स्विचबोर्डवर प्रत्येक बटणाखाली शालिनीच्या अक्षरात चिठ्ठी होती: दिवा, पंखा, मोरी. शेवटच्या बटणाखाली लिहिलं होतं, 'याचं काम सांगा, नाहीतर हे काढा.'

"बिजलीवाल्यासाठी लावली होती," आई म्हणाल्या. "त्याले अजून सांगता नाही आलं."

मी दिवा लावला. त्या बटणाला हात लावला नाही. उत्तर दिल्याशिवाय ते दाबायची छाती कोणाची आहे?