दहापैकी दहा खाज

दवाखान्यातली मुलं त्या नर्सला खाजमावशी म्हणत. दुसरी एखादी रुसली असती. हिने घरी जाऊन नणंदेला कौतुकाने सांगितलं. नणंद म्हणाली, "बरोबरच आहे, वहिनी. लोकांच्या भानगडीत पडायची खाज तुला पहिल्यापासूनच!"

अंगभर इसब असलेल्या मुलांसाठी निघालेल्या एका नव्या औषधाची तिथे चाचणी चालली होती. कुणाच्या इंजेक्शनात औषध आणि कुणाच्या नुसतं पाणी, हे खाजमावशीलाही ठाऊक नसे. मूल आलं की विचारायचं, "काल खाज किती होती? शून्य ते दहा." ते म्हणेल तो आकडा लिहायचा. आपण काही सुचवायचं नाही. बडबड्या बाईला ही शिक्षाच होती.

दोन वेण्यांची एक मुलगी मात्र कोड्यात टाकी. आली तेव्हा कोपरांचे, गुडघ्यांचे सांधे सोललेले होते. आता कातडी छान निवळली होती, तरी दर खेपेला ती ठणकावून सांगे, "दहा!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "खाज उतरतच नसेल तर हिला चाचणीतून काढून दुसरं औषध द्यावं लागेल."

आईचा चेहरा पडला. "सिस्टर, अहो, किती दिवसांनी झोपायला लागलीय ती! ती घोरते, आणि मीच काळजीने हात खाजवत बसते."

खाजमावशीच्या जिभेला खाज सुटली, पण तिने ओठ मिटले आणि नेहमीसारखी मुलीची नखं कापायला घेतली. गप्प बसणं तिला फार वेळ जमत नसेच. "काय गं, शाळा काय म्हणते?"

"गणितात दहापैकी नऊ. आई म्हणाली, एक कुठे गेला?" मुलीने दुसरा हात पुढे केला. "इथे बरं आहे. इथे मी दरवेळी दहा घेते."

नेलकटर जागच्या जागी थांबला. आईने कपाळावर हात मारला.

डॉक्टरबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "आधीचे आकडे तसेच राहतील. झालेला घोळ शेजारी लिहा, आणि तिला नीट समजावून पुन्हा विचारा."

खाजमावशी मुलीसमोर उकिडवी बसली. "हे बघ, ही परीक्षा नाही. कुणी पास नाही, कुणी नापास नाही. खाज मुळीच नसेल तर शून्य. सहनच होत नसेल तर दहा. जे खरं असेल ते सांग. काल किती होती?"

मुलीने आईकडे चोरून पाहिलं. बराच वेळ वेणीचं टोक चावलं. मग मावशीच्या कानाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "एक. पण आईला सांगू नकोस."

आईचे डोळे भरून आले. तिने लेकीला पोटाशी धरलं, मुके घेतले, आणि लगेच तिच्या बाह्या वर सारल्या. "एक तरी का गं? कुठे खाजतंय? दाखव बघू!"

खाजमावशीने नेलकटर उचलला आणि आईपुढे हात पसरला.

"आणा ताई, आता तुमची नखं."