मुके व्हेंट

आज सकाळी दोह्याच्या द पर्ल भागातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या छतामागून गुळगुळ आवाज येऊ लागला. बायको म्हणाली, "मेंटेनन्सला फोन करते." मी म्हटलं, "पाइपात हवा अडकलीय." एवढं बोललो आणि हातातला चहा तसाच गार होऊ दिला. हा आवाज ओळखायला मला एका माणसाने शिकवलं होतं.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीची ती वर्षं. सगळं दोहा खणून ठेवलेलं. हवेत सिमेंटची पूड आणि समुद्राचा खारट दमटपणा. मुशैरिबजवळची एक जुनी निवासी इमारत पाहुण्यांसाठी सज्ज करायचं काम माझ्याकडे होतं. तिथल्या खोल्या गार व्हायच्या त्या पाइपांतून फिरणाऱ्या थंड पाण्यावर. पाइपात हवा साचली की पाणी अडतं, खोली तापते. ती हवा सोडायला जागोजागी पितळेचे छोटे व्हेंट असतात. पण इमारतीचे नकाशे हरवलेले, व्हेंट निरनिराळ्या काळांतले, कित्येकांवर रंगाची पुटं चढलेली. कुठला हाताने सोडायचा, कुठला आपोआप चालतो, कुठला कायमचा अडकलाय, हे ओळखून यादी करायची होती.

ते ओळखणारे फिटर सांगलीकडचे. पन्नाशीचे, काटक, मितभाषी. उमेदीची वर्षं साखर कारखान्यात वाफेच्या लाइनीवर गेलेली. "वाफ काय अन् गार पाणी काय, हवा दोन्हीकडं आडवी येतीच, सायब," ते म्हणायचे. नखाने रंग खरवडायचे, व्हेंटच्या तोंडाशी अंगठा धरून डोळे मिटायचे. चालू व्हेंट बारीकसा सुस्कारा टाकतो. तो लागला नाही की म्हणायचे, "ह्ये मुकं झालंय. लिवा." मी लिहायचो. इंजिनिअर मी होतो, पण त्या महिन्याभरात शिकत होतो मीच. दुपारी ते स्वतः थापलेली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे करायचे आणि लेकीच्या बारावीचं बोलायचे.

शेवटी गच्चीवरचे चार व्हेंट राहिले. भर उन्हाळा. दुपारी उघड्यावर काम करायचं नाही, हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. पण माझ्या साहेबांना यादी त्याच दिवशी हवी होती. साडेबाराला मी गार ऑफिसातून फिटरना फोन केला.

"ऊन उतरल्यावर जातो, सायब."

"चारच तर आहेत. बघून टाका ना."

ते म्हणाले, "बरं."

अर्ध्या तासाने त्यांनी यादीचा फोटो पाठवला. तीन व्हेंटांपुढे खुणा होत्या, चौथ्यापुढे काही नव्हतं. मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. वॉचमनला वर पाठवलं, तेव्हा ते पाण्याच्या टाकीच्या वीतभर सावलीत पाइपाला टेकून बसलेले सापडले. अंग भट्टीसारखं तापलेलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कागदावर आलं की हृदय बंद पडलं. माझ्या फोनबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. मी शब्द जुळवून बसलो होतो, पण त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी जेवले हुते का वो?"

"हो," मी म्हणालो. "जेवून मगच वर गेले."

मला काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं."

इमारत वेळेत तयार झाली. पाहुणे आले, राहिले, गेले. खोल्या गरम असल्याची एकही तक्रार आली नाही. दोहा आता ओळखू येणार नाही इतकं बदललंय आणि मला इथे चांगली बढती मिळालीय. काळ सगळं पुसतो असं मी ऐकून होतो, पण ते "बरं झालं" काही पुसलं गेलेलं नाही. सांगलीकडे कुठेतरी एक बाई माझ्या खोट्यावर विसंबून आहे. खरं सांगितलं तर मन हलकं होईल ते माझंच. म्हणून तिचा नंबर अजून जपून ठेवलाय आणि लावत नाही.