सपनाने उघडायला लावलेलं दार

सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी सपना वरठाचा पाडा. पावसावरची थोडी भातशेती; कापणी उरकली की अर्धी घरं कामासाठी बाहेरगावी. आश्रमशाळेत राहून ती शिकली, पालघरला पदवीधर झाली आणि समाजकार्याच्या पुढच्या अभ्यासक्रमाला गेली. पाड्यातून इतकं शिकलेली ती पहिलीच.

शेवटच्या वर्षी फील्डवर्कसाठी तिला बोईसरमधली एक संस्था मिळाली. कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांमधून फिरायचं, घराघरांत बोलायचं आणि आठवड्यातून एकदा स्वातीताईंसमोर बसून काय केलं, काय जमलं नाही ते सांगायचं. स्वातीताई तिच्या पर्यवेक्षक. आवाज कधी चढत नसे त्यांचा, पण एखादा प्रश्न असा विचारत की सपना घरी जाईपर्यंत त्यातच असे.

एका दुपारी खोल्यांच्या एका रांगेतून जाताना खिडकीच्या गजांमधून एक हात बाहेर आला.

“ए लेकी, कडी काढ की गं. गुरं सुटली असतील.”

आत एक म्हातारी होती. डोक्यावर पदर, डोळे घाबरलेले. दाराला बाहेरून कुलूप. शेजारच्या रंभाबाई भांडी घासत होत्या.

“गोजराबाई ती,” त्या म्हणाल्या. “भाग्येशची आई. नवराबायको दोघं कंपनीत जातात, जाताना कुलूप लावतात.”

“रोज?”

“रोज. ओरडते बिचारी. आम्हाला सवय झाली आता.”

सपनाच्या अंगाची आग झाली. आश्रमशाळेत लहान असताना तिलाही एकदा धान्याच्या कोठीत कोंडलं होतं. पळून घरी निघाली होती म्हणून. दार वाजवून वाजवून तिचे हात सुजले होते आणि पलीकडून जाणाऱ्या कुणीही ते उघडलं नव्हतं.

तिने स्वातीताईंना फोन लावला. त्या पालघरला बैठकीत होत्या, बाहेर येऊन बोलल्या. “पाणी आहे ना आत? बोलतेय ना त्या? मग आधी मुलाला भेट, सुनेला भेट. असं का करतात ते समजून घे. मी संध्याकाळी येतेच.”

“ताई, माणूस कोंडलाय हो आत!”

“कळतंय मला. थांब तरी.”

सपना थांबली नाही. तिने पोलिसांना फोन केला. पोलीस आले, त्यांच्यामागे माणसं जमली. कुलूप तोडलं तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कित्येकांनी मोबाइल वर धरले. गोजराबाई दारात येऊन सगळ्यांकडे बघत राहिली आणि सपनाचा दंड धरून रडायला लागली. आपण आज काहीतरी चांगलं केलं, असं त्या क्षणी सपनाला वाटलं.

मग ती आत गेली. पंखा चालू होता. हाताशी पाण्याची बाटली, झाकून ठेवलेला दूधभात. शेगडीची बटणं काढून उंच फळीवर ठेवलेली. पलंगाच्या कडेने उशा रचलेल्या, पडलीच तर लागू नये म्हणून. सपना तिथेच उभी राहिली. 

भाग्येश कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. “आईला कोंडतोस?” म्हणत गर्दीतल्या एकाने त्याच्या कानाखाली मारली. त्याने हात उचलला नाही. कुणीतरी सपनाकडे बोट दाखवलं तसा तो तिच्यासमोर आला.

“ताई, मागे आई रुळावर जाऊन बसली होती. तिला वाटतं आपण अजून गावाकडेच आहोत. रेल्वेच्या माणसांनी आणून सोडली म्हणून वाचली.” त्याचा आवाज फाटला. “एकदा मला विचारायचं तरी.”

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ बोईसरभर फिरला. आईला डांबणारा नराधम, असं खाली लिहिलेलं. ठेकेदाराने भाग्येशला काही दिवस येऊ नकोस म्हणून सांगितलं. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सपना स्वातीताईंसमोर बसली, ती मान खाली घालूनच. ओरडा खायची तिची तयारी होती.

“त्या तुला काय म्हणाल्या होत्या? अगदी पहिल्यांदा?” ताईंनी विचारलं.

“कडी काढ म्हणाल्या. गुरं सुटली असतील म्हणाल्या.”

“बोईसरमध्ये गुरं?”

सपनाने ते ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

“खिडकीत तुला गोजराबाई दिसत होत्या की दुसरं कुणी?”

मग तिने कोठीचं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता तिची बोली तोंडात आली. “माझ्याच्यान नाय व्हायचं हे काम, ताई. मी सोडते.”

स्वातीताईंनी तिला पाणी दिलं. “राग आला ते चुकलं नाही. कुलूप लावून माणूस ठेवणं बरोबर नव्हतंच, आग लागली असती तर? पण ते कुलूप काढायला त्या घराला सोबत घ्यायचं होतं. आणि काल मी बैठक सोडून यायला हवं होतं. ती चूक माझी.”

“मी माफी मागून येते त्यांची.”

“स्वतःला हलकं वाटावं म्हणून जाणार असशील तर नको जाऊस. त्यांना काय हवंय ते विचारायला जा. मी येते बरोबर.”

भाग्येश त्यांच्याशी बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची बायको प्रतीक्षा तेवढी बोलली, तीही उभ्यानेच. “दिवसा कुणी बसणारं हवं होतं. दुसरं काय? आम्ही काय हौसेनं लावत होतो?”

त्यानंतर सपनाने जमेल ते केलं. गोजराबाईला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, असं त्यांनी सांगितलं. दुपारी बसायला रंभाबाई तयार झाल्या. प्रतीक्षाची पाळी बदलून मिळावी म्हणून स्वातीताई सुपरवायझरला भेटल्या. घरमालकाच्या मात्र सपनाने किती पायऱ्या झिजवल्या तरी तो ऐकेना. व्हिडिओतलं घर म्हणून दुसरीकडेही खोली मिळेना. शेवटी भाग्येशने आईला परभणीकडे गावी, थोरल्या भावाकडे नेऊन सोडलं.

तिथे दारं उघडीच असायची. एका सकाळी गोजराबाई घरातून निघाली. गावाने विहिरी पाहिल्या, रस्ते पाहिले. पुढे लांबच्या एका एसटी स्टँडवर ती सापडली, तापाने फणफणलेली. दवाखान्यातून घरी आली, पण अंथरुणावरून उठली नाही; काही दिवसांनी गेली.

हे सपनाला प्रतीक्षाने फोनवर सांगितलं. “तुम्हाला कळावं म्हणून केला फोन,” एवढं म्हणून तिने ठेवला. राग होता की नव्हता, सपनाला ओळखता आलं नाही.

ती स्वातीताईंकडे गेली. “माझ्यामुळे गेल्या त्या.”

नाही, असं ताई म्हणाल्या नाहीत. हो, असंही म्हणाल्या नाहीत. “तुझाही वाटा आहे त्यात,” त्या म्हणाल्या, “व्हिडिओ फिरवणाऱ्यांचा आहे, घरमालकाचा आहे, माझाही आहे. आपला तेवढा आपण उचलायचा.”

सपनाने फील्डवर्क पूर्ण केलं. आता ती त्याच संस्थेत काम करते. घरभेटीला गेली की दारात उभी राहून आधी बराच वेळ ऐकते. कधी कधी तिला भीती वाटते, की एखाद्या दिवशी आपण नको इतके थांबू आणि आत खरंच कुणी मरत असेल. हे ती ताईंना सांगते. ताई म्हणतात, ही भीती जायची नाही.

मागच्या महिन्यात बोईसरला सकाळच्या पाळीची बस पकडायला उभ्या असलेल्या माणसांत तिला भाग्येश दिसला. त्यानेही तिला पाहिलं. सपनाने हात जोडले. त्याने क्षणभर मान हलवल्यासारखं केलं, की नुसताच वळला, कोण जाणे. बस आली आणि तो चढून गेला.